पायमोज्यांची निवड : शोषणे, वाहणे आणि सुकणे

भाषाशास्त्र विभागाच्या संशोधनपत्रिकेत पायमोज्यांविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी भातशेतीचे शब्द गोळा करण्यासाठी प्रस्तुत लेखक जुलै महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला होता. लावणी चालू असतानाच तिचे शब्द ऐकावेत, हा हेतू. निघताना दुकानदाराने "शंभर टक्के कॉटन, घाम शोषून घेतो" अशी ग्वाही देऊन दिलेले जाड सुती मोजे आणि रबरी गमबूट बरोबर घेतले होते. सहाव्या दिवशी बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलवटली. आठव्या दिवशी घोट्यापर्यंत सूज आली व ताप भरला. चिखल्यांच्या भेगांतून जंतू आत शिरले असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पुढचे सोळा दिवस अंथरुणात गेले. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो ते वृद्ध गृहस्थ दिवसभर अनवाणी चिखलात उभे राहात. चिखल्या त्यांनाही होत. परंतु संध्याकाळी पाय धुऊन, चुलीपाशी शेकून, मेंदीचा लेप लावून ते मोकळे होत. माझ्या पायांना मात्र दिवसातले दहा तास हवा लागतच नव्हती. त्या वहीत 'तरवा', 'चिखलणी' येथवरचे शब्द आहेत; लावणीची पाने अजून कोरी आहेत.

दुकानदार खोटे बोलला होता काय? तसे म्हणता येत नाही. सुताने घाम शोषला, ही गोष्ट खरीच होती. चूक झाली ती माझ्या अर्थग्रहणात. 'शोषून घेतो' ह्या क्रियापदातून 'कोरडा ठेवतो' हा अर्थ मी आपला आपण काढला. शोषलेले पाणी पुढे कोठे गेले, हा प्रश्न ते क्रियापद आपणांस विचारूच देत नाही. मोजे निवडताना आपली बहुतेक फसगत ह्या एका ठिकाणी होते.

मोजा ह्या शब्दाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. मूळ फारसीत 'मूझा' म्हणजे बूट, पायाचे बाहेरचे आवरण. आपल्याकडे येता येता तो बुटाच्या आत शिरला आणि 'हातमोजा' ह्या सामासिक शब्दात तर पायाला सोडून हातावर गेला. इंग्रजी 'सॉक' ह्या शब्दाचा प्रवासही असाच आहे: लॅटिनमधील 'सोकुस' म्हणजे हलकी सपाता, विनोदी नाटकांतील नट ती घालीत. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द दोन वेगळ्या वाटांनी जोड्याच्या आत येऊन बसले, हे मला मोठे लक्षणीय वाटते. मोजा ही त्वचा आणि जोडा ह्यांच्या मधल्या जागेतील वस्तू आहे. जोडा कोणता हे ठरल्यावाचून 'चांगला मोजा कोणता' ह्या प्रश्नाला उत्तर नाही.

आता त्या मधल्या जागेत काय घडते ते पाहू. तळपायावर घर्मग्रंथींची दाटी शरीराच्या बहुतेक भागांहून अधिक असते. शिवाय तळहात व तळपाय ह्यांचा घाम केवळ उष्म्याने येत नाही, मनाच्या ताणानेही येतो. मौखिक परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याचे पाय हिवाळ्यातही ओले असतात ते ह्यामुळे. ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरील जंतू घामातील व मृत त्वचेतील द्रव्यांचे विघटन करतात तेव्हा तो उत्पन्न होतो. ओलाव्याने फुगलेली मऊ त्वचा एकीकडे बुरशीला घर देते व दुसरीकडे घर्षणाने लवकर सोलते. म्हणजे दुर्गंध, चिखल्या आणि फोड ह्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पाणीच आहे.

हे पाणी धाग्यांत तीन प्रकारे वावरते, आणि तिन्हींसाठी मराठीत चांगली क्रियापदे आहेत. ते धाग्याच्या अंगात मुरते; दोन धाग्यांमधल्या फटींत साचते; आणि त्याच फटींतून केशाकर्षणाने चढते. चढण्याचे उदाहरण देवघरातच आहे. समईतील वात तेल वर नेते, ते ह्याच केशाकर्षणाने. परंतु वात अखंड काम करते ते टोकाशी ज्योत तेल जाळीत असते म्हणून. ज्योत विझवा, वात तेलाने भरून तशीच राहील. मोज्याच्या बाबतीत ज्योतीचे काम बाष्पीभवन करते. जोड्याच्या तोंडातून, वरच्या कातड्यातून किंवा जाळीतून वाफ बाहेर जाऊ शकली तर मोजा पाणी वाहून नेईल. गमबुटात ती जाऊच शकत नाही, तेव्हा तेथे कोणताही मोजा भरलेली वात होऊन बसतो.

हवामानाचा हिशेबही येथे मांडावा लागतो. जोड्याच्या आत पायाजवळची हवा सुमारे ३३ अंश सेल्सियसला बाष्पाने संपृक्त असते असे धरू. बाहेर मुंबईचा जुलै म्हणजे २८ अंश व ८५ टक्के आर्द्रता, आणि पुण्यातील हिवाळ्याची कोरडी दुपार म्हणजे २५ अंश व ४० टक्के, असे आकडे घेतले तर आतल्या व बाहेरच्या बाष्पदाबातील अंतर मुंबईत पुण्याच्या सुमारे निम्मे भरते. पाणी बाहेर काढणारी ओढच निम्मी झाली. तोच मोजा पुण्यात 'उत्तम' व मुंबईत 'टाकाऊ' ठरावा ह्यात आश्चर्य नाही.

धाग्यांतील भेद आता नीट समजतील. २० अंश तपमान व ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी अंगात मुरवते. कापूस सुमारे ८ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कापसात पाणी चढते उत्तम (वात सुताचीच असते). पण ते मुरतेही पुष्कळ, आणि भिजलेला कापूस मऊ पडून त्याच्या विणीतले टाके चपटे होतात, फटी बुजतात व मोजा त्वचेला चिकटतो. तो सुकतोही सावकाश. पॉलिएस्टरच्या अंगात पाणी शिरत नाही, फटींतूनच वर जाते. म्हणून त्याचा मोजा लवकर सुकतो. मात्र तेलकट द्रव्ये व त्यांसह वास तो धरून ठेवतो. लोकरीची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. तिच्या तंतूचे बाह्य पृष्ठ पाण्याचा थेंब झिडकारते, पण वाफ आत घेते. त्यामुळे बरेच पाणी मुरूनही ती हाताला ओली लागत नाही. लोकर म्हणजे उकाडा, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. परंतु मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे पातळ मोजे उन्हाळ्यातही सुसह्य होतात असा माझा अनुभव आहे. अडचण किमतीची, आणि कसरीची.

येथे एक शारीरिक सत्य सांगितले पाहिजे. मनुष्याच्या त्वचेत ओलावा जाणणारे असे स्वतंत्र इंद्रिय नाही. गारवा आणि स्पर्शाचा दाब ह्यांच्या संयोगावरून मेंदू 'ओले' असा निष्कर्ष काढतो. दमट, ओलसर, ओले, चिंब अशी आपली शब्दांची चढती श्रेणी आहे. तिच्यामागे थेट संवेदना नसून अनुमान आहे. बंद जोड्यात घाम पायाइतकाच उबदार असल्याने गारवा लागत नाही, आणि तासन् तास ओल्यात असलेला पाय आपणांस ओला वाटतच नाही. मोजा बदलण्याची वेळ झाली हे पाय सांगत नाही. ते घड्याळाने ठरवावे लागते. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्लँडर्सच्या पाणथळ खंदकांत हजारो सैनिकांचे पाय सडले, तेव्हा ब्रिटिश सैन्याने जे उपाय सक्तीचे केले त्यांत कोरडे मोजे नियमाने बदलणे हा एक प्रमुख होता.

हा धोका मधुमेही वाचकांस सर्वाधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक सांगतात. ह्या विकारात पायाच्या नसा बधिर होऊ लागल्या की चुरगळलेल्या मोज्याची घडीही जाणवत नाही, आणि लहानशा फोडाची जखम होऊन ती चिघळते. अशांनी बोटांवर जाड शिवण नसलेले, घोट्याला न आवळणारे आणि पांढरे किंवा फिक्या रंगाचे मोजे घ्यावेत. फिका रंग शोभेसाठी नव्हे. रक्ताचा किंवा पुवाचा डाग त्यावर ताबडतोब दिसतो.

फोडांचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी सांगतो. १९९० साली हेरिंग व रिची ह्या अमेरिकन संशोधकांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर सुती व अ‍ॅक्रिलिक मोज्यांची तुलना केली, तेव्हा अ‍ॅक्रिलिक मोज्यांत फोड कमी व लहान आढळले. एवढेच वाचून 'सूत वाईट' असे सूत्र करणारे अनेक आहेत. त्याच संशोधकांनी १९९३ साली तळव्याला दाट गादी नसलेले साधे मोजे घेऊन तुलना केली, तेव्हा तो फरक दिसला नाही. धागा आणि वीण ही शब्द आणि वाक्यरचना ह्यांच्यासारखी आहेत. एकट्या शब्दावरून वाक्याचा अर्थ ठरत नाही.

खरेदीच्या वेळी म्हणून प्रथम जोडा आठवावा. जाळीच्या खेळाच्या बुटांत पाण्याला वाट मोठी असते. तेथे पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे प्रमाण अधिक असलेला मोजा आपले काम करतो. वर्गावर किंवा कचेरीत घालावयाच्या कातडी बुटांत वाट अरुंद असते. तेथे पातळ लोकरमिश्रित मोजा पहिला, आणि तो न परवडल्यास सूत-नायलॉनचे मिश्रण. निव्वळ सुती मोजे त्याज्य नव्हेत; ज्याला घाम बेताचा येतो आणि जो दुपारी जोडे काढून बसू शकतो त्याला ते सुखकरच आहेत. गमबुटात मात्र पाण्याला वाट नाही. तेथे जास्तीत जास्त मुरवणारा जाडसर लोकरी मोजा घालावा, आणि पिशवीत दोन जोड अधिक ठेवावेत. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रकाच्या बॅटरीइतकेच ह्याला महत्त्व द्यावे.

दुकानात मोजा उलटा करून पाहावा. बोटांवरची शिवण बोटाने चाचपावी. ती दोरीसारखी लागली तर पायालाही लागेल. टाच व पंजा येथे नायलॉनची जोड आहे का ते पाहावे, कारण निव्वळ सूत तेथेच विरते. 'फ्री साइज' ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. मोठ्या पायावर अशा मोज्याची टाच तळव्याखाली ओढली जाते, लहान पायावर ती घोट्याकडे सरकते, आणि दोन्हीकडे घडी पडते. वेष्टनावर टक्केवारी छापलेली असेल तर दर्शनी मोठे अक्षर सोडून ती वाचावी. 'कॉटन' असे ठळक लिहिलेल्या मोज्यात चौथा हिस्सा नायलॉनचा असणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि आपल्या दृष्टीने तो दोषही नाही. दोष लपविण्यात आहे. 'बांबूचे मोजे' हे नाव त्याहून अधिक तपासण्यासारखे आहे. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला तो बहुधा व्हिस्कोज, म्हणजे रेयॉन असतो. तो मऊ असतो, पाणी पुष्कळ शोषतो, पण सुकतो सावकाश. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली अशा मालाला नुसते 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली. नामकरणाचा प्रश्न तेथे न्यायाचा प्रश्न झाला.

धुण्याविषयी थोडेसे. मोजे उलटे करून धुवावेत, कारण घाम व मृत त्वचा आतल्या बाजूस असते. कपडे मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. त्यांचा थर धाग्यावर बसून पाणी चढण्याची शक्ती उणावते. चिखल्या झाल्या असतील त्या दिवसांत सुती व पॉलिएस्टरचे मोजे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. ४० अंशांत ही बुरशी तग धरते. लोकर त्या उष्णतेने आटते, म्हणून त्या काळात लोकरी मोजे बाजूला ठेवावे लागतात. पावसाळ्यात दोरीवरचे मोजे दोन-दोन दिवस दमट राहतात. तेव्हा तीन जोड असून भागत नाही, निदान सहा लागतात, आणि जोड्यांचेही दोन जोड आलटून पालटून वापरावे लागतात. कारण रात्रभरात जोड्याचे अस्तर सुकले नाही तर सकाळी घातलेला कोरडा मोजा पहिल्या तासातच त्यातील पाणी ओढून घेतो.