सांगणारा कुठे गेला?

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथी उघडतात, तेव्हा तिच्यात वाचायला काही नसते. पोथी म्हणजे रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. त्यातले एक उभे धरायचे, त्यावर आख्यान गायचे, प्रसंग संपला की पुढचे घ्यायचे. चित्रातला योद्धा धनुष्य ताणून उभाच असतो. बाण सुटतो तो गाणाऱ्याच्या गळ्यातून. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत चित्रेच झळकली, आवाज कुणी ऐकवला नाही. ही कला निम्मीच पाहिली गेली, असे मला तेव्हा वाटले.

कथा एका माध्यमातून दुसऱ्यात गेली की काय गळले, काय बदलले, याचा हिशेब आपण मांडत बसतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सांगणारा. तो राहिला, की त्याला घरी पाठवले?

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, कारण मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो. पुस्तकातली आई म्हणजे पोरक्या मुलाच्या आठवणीतली आई. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटात वनमालाबाई समोर येतात आणि आई ‘होती’ची ‘आहे’ होते. चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, ते योग्यच. पण पुस्तकातले रडू सांगणाऱ्याच्या गळ्यात दाटलेले आहे, पडद्यावरचे प्रेक्षकाच्या. दोन्ही अस्सल, तरी एक नव्हेत.

नभोवाणीला डोळेच नाहीत, म्हणून तिने वेगळी वाट धरली. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर दर आठवड्याला एक गीत असा बेत होता. अधिक मास आला आणि गीते छप्पन्न झाली. गदिमांनी सुरुवातीला कुश-लव हे निवेदक उभे केले खरे, पण पुढे बहुतेक ठिकाणी कथा त्या-त्या पात्राच्या तोंडी दिली. सीता, कौसल्या, भरत ‘मी’ म्हणून गातात. चेहरा दिसत नसल्याने आवाज हाच माणूस झाला. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे कितीतरी गळे त्यासाठी लागले. गंमत पुढेच आहे. सुधीर फडके पेटी घेऊन मंचावर बसले आणि ती सगळी पात्रे एकट्याने गाऊ लागले. नभोवाणीने वाटून टाकलेला सांगणारा मैफलीत पुन्हा एकवटला. लोकांना आज आठवते ते हेच रूप.

नाटकात सूत्रधार जुनाच. पण तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) निवेदनाचे काम ब्राह्मणांची एक अख्खी रांग करते. ती गाते, डुलते, आणि पाठ फिरवून उभी राहिली की भिंत होते. जो सांगतो तोच लपवतोही, हे कादंबरीला पानेच्या पाने खर्चून दाखवावे लागते; जब्बार पटेलांच्या प्रयोगात त्याला एक गिरकी पुरली. मराठी रंगभूमीवर निवेदकाचा एवढा धूर्त वापर मी दुसरा पाहिलेला नाही.

वगनाट्य आणि कीर्तनातले आख्यान यांवर स्वतंत्र लेखच हवा. कथाकथनाचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी छापलेली कथा गावोगाव नेऊन पुन्हा तोंडी आणली. श्रोता हसला की थांबायचे, नाही हसला तर पुढे सरकायचे. ही मुभा छापील पानाला नाही.

आता कथा कानात आली आहे, मोबाइलवर. बोलती पुस्तके ढिगाने निघतात, पण माणदेशातला धनगर त्यांत बऱ्याचदा बातम्या वाचल्यासारखा बोलतो. निर्माते संगीतावर, मुखपृष्ठावर खर्च करतात आणि वाचणारा मिळेल तो घेतात. चित्रे पिंगुळीची आणून गाणारा भाड्याने आणावा, तसे हे झाले आहे.