कुत्र्याच्या फोटोत गोष्ट कशी येते? : मार्केट यार्डातला एपिसोड

ज्यांच्याकडे आत्ता इअरफोन नाहीत, किंवा जे पीएमपीच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून उभे आहेत, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून काढलाय. विषय आहे कुत्र्यांचे फोटो. तुमच्या गॅलरीत दहा-वीस तरी असतीलच. सोसायटीतला, टपरीवरचा, मित्राच्या घरचा. बहुतेक सगळे गोड. पण त्यातला कुठला फोटो काही सांगतो का? ते बघायला आज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊ.

मार्केट यार्डच का? कारण इथला कुत्रा कामाच्या जागी राहतो. रात्री ट्रक येतात, पहाटे गाळ्यांवर भाजीचे सौदे सुरू होतात, फुलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात, भुसार विभागात पोती हलतात. या सगळ्यात कुत्र्यांचंही एक वेळापत्रक असतं. कुठला गाळा कधी उघडतो, कुठल्या चहावाल्याकडे बिस्किट मिळतं, टेम्पो रिव्हर्स येताना किती सरकायचं, सगळं त्यांना पाठ.

गोष्ट म्हणजे नेमकं काय?

साधी कसोटी सांगतो. फोटो बघणाऱ्याच्या मनात ‘याआधी काय झालं?’ किंवा ‘आता काय होणार?’ असा प्रश्न आला, की फोटोत गोष्ट आहे.

भुसार विभागात मला एक तांबूस कुत्रा दिसला. वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर मस्त झोपलेला. मी जवळ जाऊन फक्त चेहरा टिपला असता, तर ‘झोपलेला कुत्रा’ एवढाच फोटो मिळाला असता. म्हणून चार पावलं मागे गेलो. आता फ्रेममध्ये काटा आला, बाजूची थप्पी आली आणि पाठीवर पोतं घेऊन थांबलेले हमालकाका आले. ते कुत्र्याला म्हणत होते, “ऊठ रे बाबा, तुझं वजन नाही करायचं!” आवाज फोटोत येत नाही, पण काकांची मान आणि कुत्र्याचा एक उघडा डोळा आला. बघणारा लगेच विचारतो, उठला का मग? (उठला. आळस देऊन, सावकाश.)

म्हणजे कुत्रा तोच, गोष्ट आली ती आजूबाजूमुळे. आपल्याला हे नवीन नाही खरं तर. दत्ताचं कॅलेंडर आठवा. चार कुत्रे नुसते उभे असते तर गल्लीतलेच वाटले असते. दत्ताच्या पायाशी आले की लोक त्यांना चार वेद म्हणतात. कोण कुणाशेजारी उभं आहे, यावर चित्राचा अर्थ ठरतो. म्हणूनच इथे पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मागचं सगळं धूसर करतो, आणि आपली गोष्ट तर मागेच आहे!

खाली बसा

एलियट अरविट नावाचे एक मोठे फोटोग्राफर होते, 2023 मध्ये गेले. कुत्र्यांचे फोटो ही त्यांची खासियत. त्यांचा 1974 चा न्यूयॉर्कमधला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात टोपी घातलेला छोटुकला चिवावा आहे, शेजारी एका बाईचे बूट आणि मोठ्या कुत्र्याचे नुसते पुढचे पाय. वरचं काहीच नाही. कॅमेरा चिवावाच्या उंचीवर आहे, त्यामुळे त्याचं जग केवढं उंच आहे ते आपल्याला कळतं.

तुम्हीही उकिडवे बसा. किंवा फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली जमिनीजवळ जाते. यार्डात या उंचीवरून काय दिसतं? हातगाड्यांची चाकं, गमबूट, कोबीची पानं, ट्रकचे टायर. कुत्र्याचं मार्केट यार्ड हेच.

फोनच्या बाकी गोष्टी पटापट. लेन्स आधी पुसा. कुत्र्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो. पहाटे उजेड कमी असतो, पळणारा कुत्रा हलकाच येणार, म्हणून तो थबकेपर्यंत थांबा. फ्लॅश नको. कुत्र्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि गरीब जनावर सिनेमातलं भूत वाटायला लागतं.

तीन फोटोंची मालिका

एका फोटोत जमत नसेल तर तीन काढा. पहिला लांबून: जागा कुठली आहे. दुसरा मधला: त्याचं कुणाशी नातं आहे. चहावाला, हमाल, दुसरा कुत्रा, कुणीही. तिसरा जवळून: एखादी खूण. यार्डातल्या बऱ्याच कुत्र्यांच्या कानाचं टोक कापलेलं दिसेल. ती मारामारीची जखम असेलच असं नाही. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती ओळख असते, आणि तेव्हा रेबीजची लसही दिलेली असते. कुणीतरी त्याला पकडलं, ऑपरेशन केलं आणि परत इथेच आणून सोडलं, एवढी गोष्ट त्या कानात आहे.

आता महत्त्वाचं: फोटो खोटं बोलू शकतो

बर्स्टमध्ये वीस फोटो काढले की त्यात एक जांभईचा निघतोच. तोंड उघडं, सुळे बाहेर, डोळे बारीक. आजूबाजूचं कापून टाका, वर ‘मार्केट यार्डात कुत्र्यांची दहशत’ लिहा, झाला व्हायरल. कुत्रा मात्र नुसता जांभई देत होता.

आज याचे परिणाम खरे आहेत. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यांना होते तिथेच परत सोडायला सांगितलं. पण रेबीज झालेले किंवा तशी शंका असलेले, आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. म्हणजे ‘आक्रमक’ हा शब्द एखाद्या कुत्र्याची जागा कायमची घालवू शकतो. तो शब्द आपल्या एका क्रॉपमुळे लागू नये.

उलटंही तेवढंच खरं. कुत्रे चावतात, रेबीज जीवघेणा आहे, आणि पहाटे कामावर येणाऱ्या माणसाची भीती खोटी नसते. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्याला ‘बिचारा’ म्हणून सजवणं हीसुद्धा लबाडीच. माझा नियम असा: जो फोटो निवडला, त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटोही तीच गोष्ट सांगत असेल, तरच पोस्ट करायचा.

जाण्याआधी

हमालांच्या वाटेत उभे राहू नका. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला पटकन थांबता येत नाही. माणूस फ्रेममध्ये येणार असेल तर आधी विचारा, नंतर फोटो त्यालाही दाखवा. खाणाऱ्या कुत्र्याजवळ आणि पिल्लांच्या आईजवळ जायचं नाही, टू-एक्स झूम वापरा. कुत्रा सारखे ओठ चाटतोय, मान फिरवतोय, शेपूट पोटाखाली घेतोय? त्याला तुम्ही नको आहात. उठा, मागे व्हा. आणि चावलाच किंवा ओरखडा जरी आला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. ‘बघू उद्या’ नको.

या आठवड्याचा गृहपाठ: रोज दिसणारा एकच कुत्रा निवडा, तीन फोटो काढा, कॅप्शन न लिहिता एखाद्या मित्राला पाठवा आणि विचारा, “काय चाललंय इथे?” त्याने नुसतं “सो क्यूट” म्हटलं, तर उद्या परत जा. मार्केट यार्ड असेल तर जाताना शेवंती घेऊन या, घरचे पहाटे बाहेर पडल्याबद्दल ओरडणार नाहीत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!