तळ्याकाठचे तंबू आणि आपले शिलाई कारागीर

लोणावळ्याजवळ मावळात पवना धरणाचा जलाशय आहे. लोहगड, तिकोना, तुंग हे किल्ले त्याच्या अवतीभवती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या काठावर मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी रात्रीच्या मुक्कामाचे तंबू लागू लागले. पावसाळा सरला की गर्दी सुरू होते. तंबू बाजारातून तयार आणलेले असतात आणि हंगाम-दोन हंगामांत फाटतात, गळतात. हे दुरुस्तीचे आणि नव्या शिलाईचे काम आपल्या कारागीर भाईंना मिळण्यासारखे आहे. मात्र ताडपत्री शिवतो तसा हा माल शिवला, तर पैसे अडकले म्हणून समजा.

आधी कापड. जुनी राहुटी सुती कॅनव्हासची असे. भिजली की धागा फुगतो, छिद्रे बुजतात, म्हणून पाणी थांबते. पण वजन फार. आजचा तंबू पॉलिस्टरचा, आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा थर दिलेला. दुकानदार 190टी किंवा 210टी म्हणतो, त्याचा अर्थ एका इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून तेवढे. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आणि 2000 मिलिमीटर हा आकडा सांगतो की पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा राहीपर्यंत कापडातून पाणी झिरपत नाही. खरेदी करताना हा तिसरा आकडा आधी विचारावा. दुकानदार तो सहसा शेवटी सांगतो. असे कापड सुरतेच्या वॉटरजेट मागांवर निघते. भिवंडी-मालेगावच्या साध्या यंत्रमागावर ते काढण्याच्या भरीस कोणी पडू नये, असे माझे मत आहे. आपला फायदा विणण्यात नाही, शिवण्यात आहे.

कारण तंबू कापडातून क्वचित गळतो, गळतो तो शिवणीतून. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेली वाट. म्हणून सुई बारीक, 11 ते 14 नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, टाके इंचाला आठ-दहा, अधिक दाट नकोत. टाचण्या अंगावर लावू नयेत, थरावर पडलेले भोक पुन्हा बुजत नाही. चिमटे वापरावेत. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोन ओळी टाके घालावेत आणि वरचा पट खालच्या पटावर यावा, कौले बसवतात तसा. मग आतून शिवणीवर पट्टी गरम हवेने चिकटवावी. ते यंत्र महाग आहे. नसेल तर शिवण बंद करण्याचे द्रावण ब्रशने लावून एक दिवस वाळू द्यावे.

आता भांडणाचा मुद्दा. सकाळी गिऱ्हाईक म्हणते, तंबू गळला. मालक शिलाईचे पैसे रोखतो. पुष्कळदा ते पाणी आतलेच असते. तळ्याकाठी हवा दमट, पहाटे कापड थंड पडते, आणि चार माणसांच्या श्वासातली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: थेंब सगळ्या छतावर सारखे असतील तर वाफ, शिवणीच्या रेषेवरच असतील तर शिलाईचा दोष. माल देतानाच मालकापुढे शिवणीवर पाणी ओतून दाखवावे आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे.

वाफेवर उपाय म्हणजे वरच्या बाजूची जाळीची खिडकी, तिच्यावर झापड. काही मालक ती शिवून बंद करायला सांगतात, थंडी येते म्हणून. हे काम कितीही पैसे दिले तरी घेऊ नये. थंडीच्या रात्री लोक कोळशाची शेगडी तंबूत नेतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. खिडकी असली म्हणून शेगडी आत चालेल असेही नाही. तशी सूचना मराठीत आणि हिंदीत दारावरच शिवून द्यावी. पट्टीभर कापडाचा खर्च आहे.

दुरुस्तीला आलेला तंबू आधी हुंगून पाहावा. ओला घडी करून ठेवलेल्या मालाचा थर कालांतराने चिकट होतो, आंबूस वास येतो, पापुद्रे निघतात. त्यावर पट्टी धरत नाही. अशा मालाला दुरुस्तीचा दर सांगू नये, नवे छत घालण्याचा सांगावा.