कॅमेऱ्याची बॅटरी का फुगते? चार्जिंग करताना एवढं पाळा

लगीनसराई सुरू झाली की आपल्याकडे गावोगावी कॅमेरावाल्या पोरांची धावपळ सुरू होते. सकाळी हळद, दुपारी लग्न, संध्याकाळी वरात. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो, पण ऐनवेळी दगा देते ती बॅटरी. यात माझाही अनुभव आहे, तोच आधी सांगतो.

मागं गारपीट झाली तेव्हा नुकसानीचे फोटो काढायला शेजारच्या गावात गेलो होतो. द्राक्षबाग पार झोपली होती. शेतकरी म्हणाला, "दादा, नीट फोटो घ्या, पंचनाम्याला लागतील." कॅमेरा चालू केला तर बंद. बॅटरी काढायला गेलो तर ती फुगून आतच अडकलेली. शेवटी मोबाईलवर फोटो काढले. चूक माझीच होती. मूळचा चार्जर बिघडला म्हणून बाजारातून स्वस्तातला चिमट्याचा चार्जर आणला होता आणि रोज पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीतल्या उन्हात बॅटरी लावत होतो.

बॅटरीच्या आत काय असतं?

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. मोठ्या कॅमेऱ्याच्या बॅटरीवर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट लिहिलेलं दिसेल. म्हणजे आत दोन सेल असतात. पूर्ण भरल्यावर एका सेलचा व्होल्टेज साधारण ४.२ असतो. त्याच्या वर गेलं की सेल खराब व्हायला लागतो, आत गॅस धरतो आणि बॅटरी फुगते.

चांगला चार्जर कसं काम करतो, तर पिंप भरल्यासारखं. सुरुवातीला कॉक पूर्ण सोडायचा, पिंप भरत आलं की बारीक करायचा आणि काठाला आलं की बंद. स्वस्तातल्या चार्जरमध्ये हा कॉक वेळेवर बंद होईलच याची खात्री नसते. म्हणून बॅटरीसोबत आलेलाच चार्जर वापरा. तो बिघडला तर त्याच बॅटरीच्या नंबरचा, खात्रीच्या दुकानातून बिलासह घ्या. दोनशे रुपये वाचवायला जाऊन दोन-तीन हजारांची बॅटरी घालवू नका.

उष्णता हा खरा शत्रू

बॅटरी वापरल्यानं जेवढी झिजते, त्याहून लवकर उष्णतेनं जाते. चार्जिंगसाठी साधारण ५ ते ४० अंश तापमान ठीक असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बाहेरच ४० च्या पुढं जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री झोपायच्या आधी, घरातल्या गार जागी चार्ज करा. शूटिंग करून आल्यावर बॅटरी गरम असते. अर्धा तास गार होऊ द्या, मग लावा. गादीवर, उशीखाली किंवा कपड्यांच्या ढिगात चार्जर ठेवू नका, फरशीवर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत बॅटऱ्या सोडून जाऊ नका.

आपली लाईट आणि चार्जर

बऱ्याच चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे थोडा कमी-जास्त दाब तो सहन करतो. पण थ्री फेज लाईनचा न्यूट्रल तुटला तर घरातल्या २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो. मग चार्जरही जळतो. म्हणून बॅटरी लावून शेतावर निघून जाऊ नका. लाईट गेली की पिन काढून ठेवा, आल्यावर पाच मिनिटं थांबून लावा. मांडवातल्या जनरेटरवरही हीच काळजी घ्या. हिरवा दिवा लागला की बॅटरी काढून घ्या.

हे गैरसमज सोडा

"बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करायची" हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला नियम आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, तिला तो लागू नाही. उलट पार शून्यावर नेली तर तिचं नुकसान होतं. अर्धी उतरल्यावर लावली तरी चालते. नवीन बॅटरी रात्रभर लावून ठेवायचीही गरज नाही.

पावसाळ्यात काम नसतं तेव्हा बॅटरी निम्मी भरून कॅमेऱ्यातून बाहेर काढा आणि कोरड्या, गार जागी ठेवा. दोन महिन्यांनी एकदा बघा, उतरली असेल तर परत निम्मी भरा.

फ्लॅशमधल्या पेन्सिल सेलचं वेगळं आहे. ज्यावर रिचार्जेबल लिहिलंय तेच चार्ज करायचे, तेही त्यांच्याच चार्जरमध्ये. साधे सेल चार्जरला लावले तर गळतात, फुटूही शकतात.

फुगली तर काय करायचं?

फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, टोचू नका, परत चार्जिंगला लावू नका. उकिरड्यावर किंवा चुलीतही टाकू नका. सुटी ठेवून तालुक्याला ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चार्जिंगला असताना धूर निघाला तर पहिल्यांदा मेन स्विच बंद करा आणि पोराबाळांना बाहेर काढा, तो धूर विषारी असतो.

आणि एक, सुटी बॅटरी खिशात नाणी-किल्ल्यांसोबत ठेवू नका. तिच्या टोकांना लोखंड लागलं की ठिणगी पडते. प्लास्टिकची टोपी लावूनच ठेवा.

माझी ती बॅटरी गेली ती गेलीच. पण आता दोन बॅटऱ्या ठेवतो, दोन्हींवर खरेदीची तारीख लिहिली आहे आणि कामाला निघायच्या आधी हात लावून बघतो, कुठं फुगवटा तर नाही ना. लग्नातला मंगलाष्टकांचा क्षण असो की पंचनाम्याचा फोटो, तो परत काढता येत नाही.