गिरिभ्रमणाची हिवाळी साधने

हिमाच्छादित डोंगरांवर पायी हिंडताना तोल राखणे, घसरण रोखणे व शरीराची उष्णता टिकविणे यांसाठी वापरण्यात येणारी साधने. चालकाठी, हिमकुठार व क्रॅम्पॉन ही त्यांतील प्रमुख होत. स्कॉटलंडमध्ये हिवाळी गिरिभ्रमणाची दीर्घ परंपरा आहे. तेथील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस केवळ १,३४५ मी. उंच आहे; तथापि वादळी वारे, वितळून पुन्हा गोठलेले कठीण हिम व अल्पकाळाचा दिवस यांमुळे उन्हाळ्यातील सोपी वाट हिवाळ्यात धोक्याची ठरते.

टोकाला लोखंडी अणी बसविलेली लांब काठी आल्प्स पर्वतात पूर्वापार वापरात होती. एकोणिसाव्या शतकात ही काठी व हिमात पायऱ्या खोदण्याची कुऱ्हाड यांच्या संयोगातून हिमकुठार सिद्ध झाला. ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज अभियंत्याने १९०८ च्या सुमारास दहा दात्यांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा तयार केला. इटलीतील ग्रिव्हेल या लोहार घराण्याने तो प्रत्यक्षात आणला व १९२९ मध्ये त्यास पुढील बाजूस दोन दाते जोडले.

चालकाठ्या सामान्यतः जोडीने वापरतात. सपाटीवर कोपर सु. काटकोनात राहील इतकी त्यांची लांबी ठेवतात. उतरताना ती थोडी वाढवितात. त्यांमुळे गुडघ्यांवरील भार कमी होतो. टोकाजवळील रुंद चकतीमुळे काठी भुसभुशीत हिमात खोल रुतत नाही. मात्र कठीण हिमाच्या तीव्र उतारावर पाय घसरल्यास काठीने घसरण थांबविता येत नाही. म्हणून असा उतार लागण्यापूर्वीच काठ्या पाठपिशवीला बांधून हिमकुठार हाती घेणे आवश्यक असते.

हिमकुठार चढाच्या बाजूच्या हातात धरतात व वळणावर हात बदलतात. घसरल्यास त्याचे डोके खांद्याजवळ आणून, दांडा छातीवर तिरपा धरून व पालथे होऊन शरीराचा भार अणकुचीदार चोचीवर टाकतात. क्रॅम्पॉन घातलेले असल्यास पाय वर उचलावे लागतात. अन्यथा दाते हिमात अडकून मनुष्य उलटा फेकला जातो. वेग काही क्षणांतच वाढत असल्याने ही कृती विचार न करता घडावी लागते. त्यासाठी पायथ्याशी अडथळे नसलेल्या सुरक्षित उतारावर तिचा वारंवार सराव करतात.

ताठ तळव्याचे बूट, लोकरी वा कृत्रिम धाग्याचे थरांचे कपडे, वारारोधक अंगरखा, नकाशा, होकायंत्र व शिरोदीप हीही आवश्यक साधने आहेत. भिजलेले सुती कापड ओलावा धरून ठेवते व शरीर झपाट्याने थंड होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडून एडिंबरोतील पाच शालेय विद्यार्थी व त्यांच्यासोबतची एक तरुण सहायिका मृत्युमुखी पडली. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा सहलींच्या नेतृत्वाच्या प्रशिक्षणाकडे अधिक लक्ष देण्यात आले. हवामान पाहून वेळीच माघार घेण्याच्या निर्णयाची जागा कोणतेही साधन घेऊ शकत नाही.

सह्याद्रीत हिम पडत नसल्याने महाराष्ट्रातील गिरिप्रेमींना या साधनांचा सराव घरच्या डोंगरांत होत नाही. दार्जिलिंग येथील हिमालयीन गिर्यारोहण संस्था (स्थापना १९५४) व उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) यांच्या अभ्यासक्रमांत हिमावरील हालचालींचे शिक्षण दिले जाते.