मालिका : वाढणारी आणि लांबणारी

रहस्यकथा, विज्ञानकथा, अद्भुतकथा ही नावे व्याख्यानमालेत उच्चारली, की सभागृहात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण किंचित हसतात. आणि काही जण, काल रात्री दोन वाजेपर्यंत आपण काय वाचीत होतो हे शेजाऱ्यास कळू नये म्हणून, गंभीर चेहरा करून बसतात. आम्ही या दुसऱ्या वर्गातले. समीक्षकाचा अधिकार आम्हांस नाही. वाचकाचा मात्र आहे, आणि तो आम्ही वाचून वाचून मिळविला आहे.

एकाच नायकाभोवती किंवा एकाच कल्पित जगात पुस्तकामागून पुस्तक रचले जाते, तिला आपण मालिका म्हणतो. तिच्यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही करमणूक साच्यातून काढलेली असते. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण तो सगळ्या मालिकांना एकाच मापाने मोजतो, हे आम्हांस मान्य नाही. काही मालिका वाढतात, तर काही नुसत्या लांबतात. झाड वाढते, रबर लांबते. हा भेद ओळखता आला, तर या वाङ्मयातले काय ठेवावे आणि काय टाकावे हे ज्याचे त्याला ठरविता येईल.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड महाराष्ट्रात घरोघर पोचले. कित्येकांना अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक वाचण्याची गोडी त्यांनीच लावली. झुंजार एका कथेतून दुसऱ्या कथेत जाताना फारसा बदलत नाही, आणि त्याने बदलावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. ओळखीच्या माणसाने पुन्हा घरी यावे, तसा तो येतो. अशा मालिकेत वाढ शोधणे व्यर्थ आहे; तिची परीक्षा एवढीच, की हातातली गोष्ट स्वतःच्या पायावर उभी आहे काय?

शेरलॉक होम्सची गोष्ट याच जातीची. १८८७ साली आलेल्या या गुप्तहेराचा त्याच्याच जनकाला कंटाळा आला. १८९३ साली सर ऑर्थर कॉनन डॉईल यांनी त्याला स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्यापाशी मृत्यूच्या हवाली केले. वाचक संतापले. १९०१ साली डॉईल यांनी होम्सच्या हयातीतली म्हणून एक नवी कादंबरी सुरू केली आणि १९०३ साली त्याला सरळ जिवंत करून परत आणले. पुढे १९२७ पर्यंत कथा येत राहिल्या. एकूण छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या झाल्या. डॉक्टर वॉटसनला अफगाणिस्तानात लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे आणि दुसरीत पायात! वाचकांनी तेही पोटात घातले. उत्तरकाळातील सर्वच कथा पूर्वीच्या तोडीच्या आहेत, असे आम्हांस वाटत नाही. पण त्याचा दोष एकट्या लेखकाला कसा द्यावा? मालिका लांबते तेव्हा तिचे दुसरे टोक वाचकाच्या हातात असते.

ज्या मालिकेत एक मोठा विचार मांडलेला असतो, तिथे हा प्रश्न अधिक गंभीर होतो. आयझॅक आसिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ कथा १९४२ पासून अमेरिकेतील एका मासिकात येऊ लागल्या आणि १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तकांच्या रूपाने निघाल्या. हॅरी सेल्डन हा गणिती सांगतो, की आकाशगंगेवरील साम्राज्य कोसळणार आहे आणि त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे अंधारयुग योग्य योजनेने एक हजार वर्षांवर आणता येईल. त्याचे गणित अफाट जनसमूहाला लागू पडते, एकट्या माणसाला नाही. लेखकाने स्वतःच या भिंतीला भगदाड पाडले. ‘म्यूल’ नावाचा एकच विलक्षण माणूस येतो, लोकांची मने वळवितो आणि योजना उधळून लावतो. इतिहास घडविणारा समूह की व्यक्ती, हा प्रश्न आपल्याही घरात वादाचा. तो अशा रीतीने उभा राहिला, याला आम्ही वाढ म्हणतो.

१९८२ साली आसिमोव्ह त्या जगात परतले. पुढे त्यांनी आपल्या यंत्रमानवांच्या कथांची नाळही याच कथेला जोडली आणि एक यंत्रमानव हजारो वर्षे पडद्याआडून मानवजातीला सांभाळीत होता असे दाखविले. आम्ही ती पुस्तके अधाशासारखी वाचली, हे कबूल करतो. पण शेवटी वाटले, की माणसांचा प्रश्न माणसांच्या हातून काढून घेतला गेला. धागे जुळले, पण प्रश्न विझला. याला आम्ही लांबणे म्हणतो.

याच्या उलट उदाहरण उर्सुला ले ग्विन यांचे. त्यांच्या ‘अर्थसी’ या द्वीपसमूहाच्या पहिल्या तीन अद्भुतकथा १९६८ ते १९७२ या काळात आल्या. त्यांचा नायक गेड तरुणपणी गर्वाने एक काळी छाया जगात सोडतो. तिसऱ्या कथेच्या अखेरीस जग सावरताना आपली सारी जादू गमावतो. इथे केलेल्या कर्माची किंमत मोजावी लागते. अठरा वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’ आली. तिच्या केंद्रस्थानी शेतावर राहणारी एक प्रौढ विधवा आणि माणसांनी आगीत टाकलेली एक पोर आहे. या जगातील श्रेष्ठ विद्या पुरुषांच्याच हाती का, असा प्रश्न लेखिकेने स्वतःच्याच निर्मितीला विचारला. काही वाचकांना आपला पराक्रमी गेड असा शक्तिहीन झालेला रुचला नाही. आम्हांसही प्रथम रुचला नव्हता. दुसऱ्या वाचनात ध्यानी आले, की आम्ही त्याच गेडची पुन्हा वाट पाहत होतो आणि लेखिका पुढे गेली होती.

थांबणे हीही एक वाढच. स्वीडनमधील मै शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने पोलीस अधिकारी मार्टिन बेक याच्यावर दहाच कादंबऱ्या लिहायच्या असे ठरविले आणि १९६५ ते १९७५ या काळात तो संकल्प तडीस नेला. प्रत्येक पुस्तकात गुन्हा निराळा. पण दहा मिळून एका समाजाची तपासणी होते. वालो १९७५ सालीच वारले. अकरावे पुस्तक निघाले नाही.

तेव्हा पुढचा भाग हाती घेताना वाचकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मागे जे घडले, त्याचा या पुस्तकातल्या माणसांवर काही परिणाम झाला आहे काय? आरंभी उभा केलेला प्रश्न जागा आहे काय? आणि नायक ओळखीचा नसता, तरी आपण हे पान उलटले असते काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तर पुस्तक खुशाल मिटावे. आयुष्यात वाचनासाठी मिळणारे तास मोजकेच असतात आणि ग्रंथालयाच्या कपाटातली जागाही मोजकीच असते. सवयीने मागितलेला आठवा भाग एखाद्या नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाची जागा अडवितो.

‘पुढचा भाग केव्हा येणार?’ हा प्रश्न आपण लेखकाला हक्काने विचारतो. ‘सांगायचे काही उरले आहे काय?’ हेही त्याच हक्काने विचारू या. आणि नसेल, तर त्याला समाधानाने निरोप देऊ या.