कौला बंदरावर कौलं नाहीत

हार्बर लाइनवर नवख्या माणसाला 'रे रोड' हे नाव अर्धवट वाटतं. कुणीतरी कुणाला हाक मारायला गेलं, नाव ऐन वेळी आठवलं नाही आणि नुसता 'रे' उरला, असं काहीतरी. काळाचौकीच्या आमच्या चाळीत 'काय रे रोड?' ही मुलांची एकमेकांना चिडवायची पद्धतच होती. त्या 'रे'मागे खराखुरा माणूस आहे हे कळायला मला चाळिशी उजाडली. त्यानंतर मात्र सवय लागली. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि पाटीवरच्या एकेका नावाला विचारायचं, बाबा रे, तू इथे कसा?

तर हे लॉर्ड रे. डोनाल्ड जेम्स मॅके, 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर. 'रे' हे स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, केथनेसमधलं एक गाव आणि मॅके कुळाचा किताब त्या गावाचा. पण या स्कॉटिश कुळप्रमुखाचा जन्म हेगचा, 1839 सालचा. घराणं पिढ्यान्पिढ्या हॉलंडात स्थायिक झालेलं. शिक्षण लायडनच्या विद्यापीठात. हे गृहस्थ डच संसदेवर निवडून गेले होते आणि ब्रिटिश नागरिक झाले ते थेट 1877 साली. पुढच्या आठ वर्षांत ते आपल्या उरावर येऊन बसले होते! ते मुंबई इलाखा चालवत असताना, 1888 साली, त्यांचा चुलतभाऊ एनियास मॅके नेदरलँड्सचा पंतप्रधान झाला. इंग्रजांच्या राज्यात आपल्यावर एक डच माणूस राज्य करून गेला, हे शाळेच्या इतिहासात कुणी सांगितलं नाही.

रे यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण एका मंडईवाल्याचं आहे. मंडईवाला म्हणजे आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, ज्यांच्या नावाच्या मार्केटात आपण आंबे आणि फटाके घ्यायला जातो ते. 1888 साली हे क्रॉफर्डसाहेब पुण्यात मध्य भागाचे कमिशनर होते. बदल्या-बढत्यांसाठी मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याचा त्यांच्यावर बोभाटा झाला. लॉर्ड रे यांनी त्यांना निलंबित केलं आणि चौकशी आयोग बसवला. लाचेचे आरोप आयोगाने मान्य केले नाहीत, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जं उचलल्याचं शाबीत झालं आणि साहेबांची नोकरी गेली. सरकारने अभय दिलं म्हणून ज्या मामलेदारांनी 'होय, आम्ही पैसे दिले' असं सांगितलं होतं, तेच पुढे अडचणीत आले. त्यांची बाजू टिळकांनी लावून धरली.

खरी गंमत पुढे आहे. पुण्यात 1886 साली अष्टकोनी मनोऱ्याची भव्य मंडई उभी राहिली, तिचं नाव रे मार्केट. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. पुण्यातच घोले रस्त्यावर लॉर्ड रे यांच्या नावाचं औद्योगिक संग्रहालय होतं, ते महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झालं. इकडे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटची महात्मा जोतिबा फुले मंडई झाली. म्हणजे ज्याने पकडलं त्याची मंडई आणि जो पकडला गेला त्याची मंडई, दोन्हींवर आज नाव एकाच माणसाचं. आणि त्या माणसाला त्यातली एक मंडई मुळात नकोच होती. एवढ्या कोपरखळ्या काळ एका दमात सहसा मारत नाही.

मुंबईतही रे यांच्या नावाचा रस्ता राहिला नाही. तो कधीच बॅरिस्टर नाथ पै मार्ग झाला. वेंगुर्ल्याचे नाथ पै राजापूरमधून तीनदा लोकसभेवर गेले. 1967 साली गोलकनाथ निकालाने घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार आवळला, तेव्हा तो परत मिळवण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडलं. 1971च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांची मागणी प्रत्यक्षात आली. आता पाटीवर नाथ पै, तिकिटावर लॉर्ड रे, आणि टॅक्सीवाल्याला दोन्ही नावं सांगून चालत नाही. त्याला 'दारूखाना' सांगावं लागतं.

रे मुंबई सोडून गेल्यावर वीस वर्षांनी त्यांच्या नावाचं स्टेशन झालं. 12 डिसेंबर 1910 रोजी कुर्ल्याहून इथपर्यंत गाडी सुरू झाली. आज डाउन गाडीत बसून पेंगणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण सुमारे पंधरा वर्षं रे रोड हेच शेवटचं स्टेशन होतं, इथेच गाडी संपायची. पुढे डॉकयार्ड रोड आणि सँडहर्स्ट रोडवरून उंचावरचा मार्ग बोरीबंदरला जोडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला निघाली, ती याच मार्गाने. विजेचा तो जुना 1500 व्होल्टचा प्रवाह हार्बरवर 2016पर्यंत टिकला. 2024 साली विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव केला. त्यात शेजारच्या डॉकयार्ड रोडला माझगाव आणि पलीकडच्या कॉटन ग्रीनला काळाचौकी हे नाव सुचवलं गेलं. मधला रे रोड त्या यादीत नाही. कुणाच्या लक्षातच आला नसावा.

स्टेशनवरून पूर्वेला, समुद्राकडे निघालं की नावांचं खरं गोदाम लागतं. ही सगळी पोर्ट ट्रस्टची जमीन, अजूनही बोलताना 'बीपीटीची'. इथले धक्के म्हणजे बंदरं, आणि प्रत्येक बंदराचं नाव तिथे जो माल उतरायचा त्याचं. लाकडी बंदरावर इमारती लाकूड. कोळसा बंदरावर कोळसा. शिवडीकडच्या 'हे' बंदरावर गवत ('हे' हा इंग्रजी शब्द, अर्थ वाळलेलं गवत), कारण तेव्हा मुंबई घोड्यांवर चालायची. 1874 साली ट्राम सुरू झाली तीसुद्धा घोड्यांची, आणि ट्राम कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. आज पेट्रोल पंपाच्या रांगेचं जे महत्त्व, तेच तेव्हा गवताच्या पेंढीचं.

आणि मग कौला बंदर. इथे मी जरा रेंगाळतो, कारण लहानपणीचं माझं छप्पर इथून आलेलं असणार. मंगलोरी कौल आपल्याला इतकं आपलं वाटतं की कोकणातल्या घराचं चित्र लाल कौलांशिवाय कुणी काढत नाही. पण हे चपटं, खोबणीत खोबण बसणारं कौल कोकणातलं नाही. त्याआधी कोकणात होती ती कुंभाराच्या हातची नळीची कौलं आणि बाकी सगळं गवताचं शाकारणं. मंगलोरी कौल आणलं बाझेलच्या मिशनने. जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने 1865 साली मंगलोरजवळ जेप्पूला कारखाना काढला. धर्मांतरानंतर जातीचा धंदा तुटलेल्या माणसांना काम हवं होतं आणि नदीकाठी उत्तम माती होती. तिथून गलबतं भरभरून कौलं किनाऱ्याने वर आली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनरी म्हणजे शत्रू म्हणून मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, आणि ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. माती तीच, भट्टी तीच, शिक्का फक्त बदलला.

आमच्या गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा एक हातात घेऊन पाहिलं होतं. वरून शेवाळाने काळवंडलेलं, पण पाठीमागे भाजल्या दिवसाइतकं लाल. कडेला दोन खोबणी, खालच्या टोकाला रिपेला अडकायची टाच आणि मधोमध उठावाची इंग्रजी अक्षरं. अशा काही कौलांवर सालही असतं. गावातली माणसं त्यावरून घराचं वय काढतात आणि घर एकदम पन्नास वर्षांनी म्हातारं होतं, कारण ते साल घराचंही नसतं आणि कौलाचंही नसतं, कारखाना निघाला त्याचं असतं. कौला बंदरावर आज दाट वस्ती आहे, तिच्यात तमिळ बोलणारी कितीतरी कुटुंबं. डोक्यावर पत्रा, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर टायर. एकही कौल नाही.

दारूखान्याचंही तेच. इथे दारू कुठे मिळते, असा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. ही दारू तोफेची. बंदुकीच्या दारूचे कारखाने आणि कोठारं वस्तीपासून लांब, पाण्याच्या कडेला ठेवायची रीत होती. एका धक्क्याचं इंग्रजी नाव अजूनही पावडर वर्क्स बंदर असंच आहे. मुळात फारसी 'दारू' म्हणजे औषध. तो अर्थ आपल्याकडे 'दवादारू'त तेवढा शिल्लक राहिला. बाकी एक दारू गुत्त्यात गेली, एक तोफेत, आणि एक शोभेची होऊन दर दिवाळीला आपल्या अंगणात येते.

आता दारूखान्यात जहाजं मरायला येतात. भरतीच्या पाण्यावर जहाज चिखलात चढवायचं, ओहोटी लागली की ते तिथेच बसतं, मग गॅसकटर घेऊन माणसं वर चढतात. वरपासून खाली, पुढून मागे, जहाज भाकरीसारखं तुकड्या-तुकड्याने संपतं. गल्लीतल्या दुकानांत त्याचं पोट उघडं पडलेलं दिसतं. नांगराची साखळी, जिची एक कडी उचलायला दोघं लागतात. पितळी चौकटीच्या गोल खिडक्या. खलाशांच्या बिछान्यांच्या गाद्या. भटारखान्यातली स्टीलची पातेली, ज्यांत आता कुठल्यातरी लग्नाचा पुलाव शिजेल. सगळं किलोवर.

इथेच 2014 साली विक्रांत तुटली. 1943 साली इंग्लंडात बांधायला घेतलेली, तेव्हा तिचं नाव हर्क्युलिस. युद्ध संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. भारताने 1957 साली विकत घेतली, 4 मार्च 1961 रोजी ती विक्रांत म्हणून नौदलात आली आणि 1971च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिची विमानं उडाली. 1997 साली निवृत्ती, मग बरीच वर्षं मुंबईच्या पाण्यात तरंगतं संग्रहालय. शाळेच्या सहलीत आम्हा कितीतरी मुंबईकरांच्या पुढच्या पिढीने तिच्या डेकवर धिंगाणा घातला आहे. ती टिकवायला पैसा कुणी काढेना. शेवटी लिलावात ती सुमारे 60 कोटींना गेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि नोव्हेंबर 2014मध्ये दारूखान्यात तिच्यावर कटर चालले. माझ्या मते ही मुंबईने स्वतःच्या हाताने करून घेतलेली शोभा आहे. ज्या शहरात दर चौकाला पुतळा उभा करायला पैसा निघतो, तिथे एक जहाज जड झालं.

पण भंगारातून काय निघेल सांगता येत नाही. बजाजने विक्रांतच्या पोलादातला काही भाग घेतला, वितळवला, आणि 2016 साली 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली. ते पोलाद गेलं पेट्रोलच्या टाकीत. बाकीच्या बंदरांवर वस्तू गेली आणि नाव राहिलं. विक्रांतचं उलट झालं. नाव कोचीला बांधलेल्या नव्या नौकेकडे गेलं, ती 2022 साली नौदलात दाखल झाली. लोखंड मात्र सुट्टं होऊन रस्तोरस्ती हिंडत राहिलं.

एक स्टेशन पुढे कॉटन ग्रीन. 'ग्रीन' म्हणजे हिरवळ, आणि ही हिरवळ चालत आलेली आहे. मूळ जागा फोर्टात, सेंट थॉमस चर्चसमोरचं मैदान, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे. तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे. 1844 साली हा पसारा कुलाब्याला हलला, नाव बरोबर गेलं. पुढे माझगाव-शिवडीचा समुद्र भरून जमीन काढली, तेव्हा कापूस इकडे आला आणि हिरवळ पुन्हा पाठोपाठ. कापूस बाजाराची भव्य इमारतही आली. हिरवळ म्हणाल तर एकाही जागी शिल्लक नाही.

या कापसाने गिरणगावाला दोन गोष्टी दिल्या, पगार आणि तो उडवायची सोय. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना काय भाव निघाला आणि बंद होताना काय, हे तारेने मुंबईच्या बाजारात यायचं. त्या आकड्यांवर इथे पैजा लागायच्या. 1961 साली न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. आता आकडा आणायचा कुठून? मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो इथेच काढायला सुरुवात केली: चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकायच्या आणि काढायच्या. म्हणून मटका. लवकरच मडकं गेलं आणि पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक धरायचा. पाच, तीन, सहा आले तर चौदा, म्हणून चार. पण नाव मटकाच राहिलं. आणि दिवसातून दोनदा निघणाऱ्या त्या अंकांना म्हणायचे 'ओपन' आणि 'क्लोज'. रात्री चाळीच्या कठड्याला टेकून 'क्लोज काय आला?' विचारणाऱ्या गिरणी कामगाराला माहीतही नसेल की तो न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव विचारतो आहे, तोही कधीच बंद पडलेला.

रे रोडवर मे 2025मध्ये केबलचा नवा पूल खुला झाला. परवा त्याच्या खाली, दारूखान्याच्या तोंडाशी, एका भंगाराच्या दुकानापुढे एक व्ही उभी दिसली. सीट फाटलेली, आरसा एकच. दुकानदाराला विचारलं, विकायची का? तो म्हणाला, गाडीचं नाही जमणार हो, टाकी गळतेय. पत्र्याचा भाव देतो.